शिवी वाचून कायम

माझ्या सासूच्या तोंडाला गाव घाबरायचं. लग्न होऊन आले तेव्हा मीही घाबरले. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. माझं माहेर शिरूर कासारचं, वडील शाळेत मास्तर. घरात कुणी फारच चिडलं तर 'वाह्यात' म्हणायचं, आणि तेवढा शब्द तोंडातून गेला तरी वडील दिवसभर स्वतःवरच रुसून बसायचे. अशा घरातून उठून मी पाटोद्याच्या पलीकडच्या या खेड्यात आले आणि पहिल्याच सकाळी अंगणातून आवाज आला, "मुडदा बशिवला तुझा! नीट हुभी राहती का न्हाई?" मी चहाचं पातेलं चुलीवर तसंच सोडून बाहेर पळाले. आत्या गाईला बोलत होत्या. बोलता बोलता तिच्या गळ्याखाली खाजवत होत्या आणि गाय डोळे मिटून उभी होती.

पहिली दोन वर्षं मला लाज वाटायची, खरं सांगते. पाणी भरायला गेले की बायका मला विचारायच्या, "काय गं, आज सकाळी कुणाचा नंबर व्हता?" मी मान खाली घालून घागर उचलायची. एकदा धीर करून म्हणाले, "आत्या, जरा हळू बोला ना, रस्त्यापर्यंत ऐकू जातं." त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. मी काय चोरी केली का, हळू बोलाया? तुझ्या माहेरी कुत्र्याला बी अहो-जाहो करतात वाटतं." आणि माझं तोंड बघून पदर तोंडाला लावून हसत बसल्या. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण कान उघडे होते, आणि एका घरात राहिल्यावर हळूहळू समजायला लागलं. आत्या कुठलाही शब्द कुणालाही वापरत नसत. शेजारचं पोरगं बोरीवर चढून आमच्याच अंगणात बिया थुंकायचं, ते 'वांड'. ते म्हणताना आत्यांच्या आवाजात निम्मं कौतुक असायचं. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालणारा 'आगाऊ'. हा शब्द एकदा माझ्याही वाट्याला आला आणि मी तीन दिवस फुगून बसले. या घरातलं त्या घरात नेणारी 'चोंबडी'. आपल्या फायद्यापुरतं खोटं बोलणारा 'लबाड', पण लबाडाला त्या चहा द्यायच्या. त्याची लबाडी पकडली की त्यांना गंमत वाटायची आणि पकडला गेलेला माणूसही हसायचा.

'माजलेला' मात्र वेगळा. हा शब्द त्या फक्त ज्याच्याकडं काही आहे त्यालाच लावायच्या. गल्लीतला एक दारुडा बायकोला मारायचा. मी चिडून म्हणाले, "किती माजलाय हा." आत्यांनी मला तिथंच थांबवलं. "त्याला माज कशाचा यील? घरात दाणा न्हाई. वाया गेलेलं हाय ते. माज यायला आदी पोट भरलेलं लागतंय." अशी त्यांची शिस्त. आणि सगळ्यात वर होता 'हरामखोर'. फळीवरच्या पितळी परातीसारखा तो शब्द रोजच्या वापरातला नव्हता, प्रसंगालाच खाली यायचा. इतक्या वर्षांत मी तो त्यांच्या तोंडून बोटावर मोजण्याइतक्या वेळाच ऐकला.

त्या शब्दाचा अर्थ मला पाटोद्याच्या बाजारात समजला. तिथं एक म्हातारा फळवाला होता, मुसलमान. आत्या त्याला भाई म्हणायच्या, तो त्यांना मौसी म्हणायचा. दोघं केळ्याच्या एका फणीवरून असं भांडायचे की नवखा माणूस मधे पडायला धावेल. "बेइमान, सडकी केळी घालतो व्हय रे मला?" "मौसी, बदमाश तर तू, चांगली केळी दाबून सडवतीस!" एकदा मी त्यांना विचारलं, चाचा, एवढ्या शिव्या देता, मग हरामखोर का म्हणत नाही एकमेकांना? फळवाल्यानं हातातला तराजू खाली ठेवला. म्हणाला, "बेटी, ते मजाकमधी न्हाई म्हणायचं. जे आपल्या हक्काचं न्हाई, दुसऱ्याचं हाय, ते खातो तो हरामखोर. असा माणूस समोर असला तरच म्हणायचं." आत्या म्हणाल्या, "आन् तोंडावर म्हणायचं. पाठीमागं म्हणली तर ती चुगली झाली." आणि पुन्हा केळ्याकडं वळल्या.

आता डेरीचं सांगते. गावात दुधाची सहकारी संस्था होती आणि मी तिची सचिव होते. बारावी झालेली सून गावात दुसरी नव्हती, म्हणून ती वही माझ्याकडं आली. सकाळी दूध मोजायचं, फॅट काढायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, त्याची नोंद. संस्थेचे चेरमन आमच्याच भावकीतले, माझ्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. घरी मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि डेरीत चेरमन साहेब. ते मला शिकरेटरबाई म्हणायचे. माणूस मोठ्या आवाजाचा. दहा माणसांची सभा असली तरी देवळातला लाऊडस्पीकर डेरीच्या ओट्यावर आणून लावायचे. वाचायचा मात्र त्यांना भारी कंटाळा. मी बोट ठेवीन तिथं सही करायचे.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळी झाल्याबरोबर गाव ऊसतोडीला गेलं, गल्ल्या ओस पडल्या. माझा नवराही ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडं गेला. घरात आत्या, मी आणि गाय. गाय गाभण होती. कडबा संपत आलेला, पाणी टँकरचं. आत्या स्वतःच्या आंघोळीचं पाणीसुद्धा परातीत धरून तिला पाजायच्या. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. आत्यांनी दुसऱ्याच्या रानात खुरपून खुरपून ती गाय घेतलेली, सासरे गेल्यानंतर. त्यांच्या नावावर सगळ्या जगात तेवढी एकच गोष्ट होती.

अशात तालुक्याहून संस्थेच्या सभासदांसाठी सरकीची पेंड आली. टेम्पो गावात शिरला, डेरीसमोरून गेला आणि चेरमनच्या गोठ्यात जाऊन रिकामा झाला. चेरमन म्हणाले, डेरीच्या खोलीत उंदरं लई हायत, माझ्याकडं जपून राहील, वाटू आठ दिवसांत. आठ दिवस गेले, पंधरा गेले. त्यांच्या म्हशींच्या अंगावर तकाकी आली. बाकीच्या बाया रोज दुधाची किटली घेऊन यायच्या, गोठ्याकडं बघायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. मीसुद्धा काही बोलले नाही. नोकरी होती, आणि नात्यानं ते मोठे होते.

मग सभा झाली. विषय भलतेच होते, पेंडीचा एकही नव्हता. सभा संपत आली आणि आत्या उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि चेरमनकडं बघून त्यांना जे बोलायचं होतं ते बोलल्या. लाऊडस्पीकर बंद होता, पण त्याची गरज पडली नाही. बोलून झाल्यावर खाली बसल्या. चेरमनचं तोंड लाल झालं. मी हातात पेन धरून बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय लिहू? शेवटी मी छापील पोटनियमातला शब्द घेतला आणि लिहिलं: 'एका महिला सभासदाने सभेत गैरवर्तन केले.'

किती सोयीचा शब्द आहे बघा, गैरवर्तन! कुणालाही बसतो. कुणी केलं, कुणाशी केलं, कशापायी केलं, काही कळत नाही. त्या दिवशी मला तो सभ्य वाटला होता. आज मला त्याचा राग येतो, कारण त्या एका ओळीनं मी पेंडीची गोष्ट झाकून टाकली आणि गुन्हेगार म्हणून माझ्या सासूला उभं केलं. तेही माझ्याच हातानं.

चेरमनला ती ओळ फार आवडली. त्यांनी पोटनियम काढून घेतले. गैरवर्तन करणाऱ्या सभासदाचं सभासदत्व रद्द करता येतं, असं त्यात होतं. सभासदत्व गेलं की आत्यांचं दूध डेरीत चालणार नाही आणि पेंडीवरचा हक्कही संपणार. मग गाय बाजारात न्यावी लागणार, आणि त्या वर्षी बाजारात गाय कोण घेत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चेरमन तालुक्याला जाऊन आले. तिथले सहकार खात्याचे साहेब म्हणाले, नुसतं गैरवर्तन लिहून भागत नाही, सभासद नेमकं काय बोलले ते शब्द इतिवृत्तात पाहिजेत. त्या पानावर अजून सही झालेली नव्हती. चेरमन सरळ डेरीत आले.

"शिकरेटरबाई, त्या ओळीखाली समदं लिवा. म्हातारी बोलली ते अक्षर न् अक्षर."

"बरं," मी म्हणाले.

"आन् माझ्या मायवरनं शिवी दिली, ते बी टाका."

"ती शिवी दिली नव्हती, भाऊजी."

"दिलीच आसंल. तिचं तोंड गावाला ठावं हाय. टाका म्हणलं ना." आणि गेले.

मी घरी आले. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. सभासदत्वाचं ऐकून त्यांनी एकदा गाईकडं बघितलं, पण हात चालूच होता. मायवरच्या शिवीचं सांगितलं तसा हात थांबला. सूप बाजूला ठेवलं. आत्यांना रडताना मी सासरे गेले तेव्हासुद्धा फारसं बघितलं नव्हतं, पण त्या वेळी त्यांचे डोळे भरले.

"त्याची माय माझी जाऊ," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा झाला तवा बी असाच दुष्काळ. माझ्यात उठायची ताकद न्हवती. घरच्यांच्या चोरून, पदराखाली भाकर झाकून आणायची ती. महिनाभर. काढायचं तर काढू दे मला. गाय गेली तर जीव तुटंल माझा, पर सोशीन. त्या बाईवरनं मी शिवी दिली आसं गावात वाचलं गेलं, तर मेल्यावर तिला तोंड कसं दावू गं?"

मला इतका राग आला, चेरमनचा आणि त्याहून माझा. ही बाई आयुष्यभर शिव्या देत आली आणि एकही शिवी तिनं चुकीच्या माणसाला दिली नाही. आणि मी, मास्तरांची लेक, एकच शब्द लिहिला तोही खोटा. मी वही उघडली. म्हणाले, "आत्या, सांगा. त्या दिवशी बोललात तसंच सांगा."

त्यांना सगळं पाठ होतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मधे वाचून दाखवलं तर लगेच अडवलं. "'माजला आहेस' कावून लिवलं? मी आसं बोलले न्हाई. 'माजलाय तू' लिव." मी खोडून 'माजलाय तू' लिहिलं. दुसऱ्या दिवशी डेरीत त्या सभेला बसलेल्या दोघी बायांना वाचून दाखवलं. दोघी म्हणाल्या, अगदी असंच. चेरमनला विचारलं, वाचता का एकदा? ते म्हणाले, "मी काय वाचायचंय? मी ऐकलंय की." आणि सभेची नोटीस काढायला सांगितली.

नोटीस मीच लिहिली आणि डेरीच्या दारावर चिकटवली. विषय दोन. दुसरा, महिला सभासदाचं सभासदत्व रद्द करणे. पहिला विषय प्रत्येक सभेचा ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या वेळी जे लिहिलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, बरोबर आहे का विचारायचं, लोकांनी 'कायम' म्हणायचं आणि चेरमननं खाली सही करायची. इतक्या सभा झाल्या, चेरमननं त्या वाचनाकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या वेळात ते तंबाखू मळायचे.

सभेला तालुक्याचे साहेबही आले. गावात उरलेली सगळी माणसं आली, म्हातारे, किटल्या घेतलेल्या बाया. चेरमननं लाऊडस्पीकर लावलाच होता. त्यांना वाटलं असेल, म्हातारी काढली हे शिवारभर ऐकू जाऊ दे. मी डोक्यावर पदर घेतला आणि माइकसमोर उभी राहिले. समोर थोरले दीर, भावकीतले चुलत सासरे. त्यांच्यापुढं मी तोवर मोठ्यानं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. वही घट्ट धरली आणि वाचायला लागले.

"एका महिला सभासदाने सभेत गैरवर्तन केले. त्या पुढीलप्रमाणे बोलल्या. आरं हरामखोरा, गावाच्या जनावराची पेंड तुझ्या गोठ्यात कावून उतरली?"

चेरमनचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. माझा आवाज देवळावरून, ओस पडलेल्या गल्ल्यांतून फिरून परत येत होता.

"तुझ्या म्हशीला तेवढं पोट हाय, आन् आमच्या गाई काय भितीवरचे फोटो हायत? उंदराचं नाव सांगतो व्हय रे? पंधरा दिस झाले, उंदीर कोण हाय ते गावाला दिसतंय—"

"बास, बास!" चेरमन उठले. "समजलं समद्यांना. म्होरचा विषय घ्या."

साहेबांनी चष्मा वर केला. "इतिवृत्त पूर्ण वाचल्याशिवाय पुढचा विषय घेता येत नाही. वाचा बाई."

मी वाचलं. "माजलाय तू. दुष्काळात गाभण गाय उपाशी ठिवून आपल्या म्हशी पोसणारा माणूस बेशरम न्हाई तर काय? लाज आसंल तर उद्या सकाळी पेंड डेरीत आणून टाक." पान संपलं. मग सचिवानं विचारायचं असतं ते विचारलं, "इतिवृत्त बरोबर आहे का? कायम करायचं का?"

म्हातारे एकमेकांकडं आणि मग चेरमनकडं बघायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. रोज इवलीशी किटली घेऊन यायची ती, आणि सभेत तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "बरुबर हाय," ती म्हणाली. "आसंच बोलली ती. म्या हितंच बसले व्हते. कायम करा." मग दुसरी म्हणाली, कायम. मग म्हातारे म्हणाले. मग सगळ्यांनीच हात वर केले.

चेरमन ओरडले, "आन् माझ्या मायला बोलली ते कुठं हाय? ते गाळलं शिकरेटरबाईनं. सासू हाय ना!"

आत्या उठल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "लेकरा, तुला बोलले ते समदं वहीत हाय, एक शब्द कमी न्हाई. तुझ्या मायला मी बोलले न्हाई, आन् कवा बोलणार बी न्हाई. तिची भाकर खाल्लीय मी. तिच्या चुलीवरची भाकर भुकेल्याकडं जात व्हती. तिच्याच दारात पेंड कोंडली तू, म्हणून मला हरामखोर म्हणावं लागलं."

चेरमन खाली बसले. मग ते जमिनीकडं बघतच म्हणाले, "दुसरा विषय ऱ्हाऊ द्या." साहेब म्हणाले, "ठीक आहे. पहिल्यावर तेवढी सही करा." मी वही त्यांच्यापुढं धरली आणि नेहमीसारखं बोट ठेवलं. या वेळी त्यांनी आधी पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग सही केली. संध्याकाळच्या आत पेंड डेरीत आली आणि सगळ्यांना वाटली गेली.

घरी जाताना आत्यांनी आमचा वाटा डोक्यावर घेतलेला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "वाचलंस झ्याक. पर हरामखोर म्हणताना खाली बघितलंस."

"वाचत होते आत्या, वहीत बघावंच लागतं."

"मग पाठ करायचं. तो शब्द म्हणताना माणसाच्या तोंडाकडं बघायचं आसतं." अंगण आलं. गाय खाली बसलेली होती, उठायची ताकद नसल्यासारखी. आत्यांनी पेंड खाली ठेवली, तिच्या गळ्याखाली हात घातला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मुडदा बशिवला तुझा, ऊठ की! तुझी पेंड आलीय."